जास्त दुर्मिळ कुठलं?

ऑगस्ट संपत आलेला, पावसानेही जरा उघडीप दिलेली. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, आम्ही वनस्पतींची नोंद करत होतो. जागेचे मालक स्वतः बरोबर आले होते. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, पण खाली उत्तम जांभा, त्यामुळे चिरेखाण, म्हणजे बांधकामाचे चिरे कापायची खाण, काढायचा त्यांचा विचार पक्का होता. छत्री टेकत त्यांनी सरळच विचारलं, “मॅडम, ह्यातलं जास्त दुर्मिळ कुठलं तेवढं दाखवा. ते सोडून बाकीचं काढतो.”

कातळाच्या खळग्यांत, बोटभर मातीत, कोकण दीपकाडी होती. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने १८५० मध्ये शास्त्रीय वर्णन केलेली. पहिल्या पावसात तिची पांढरी फुलं येऊन गेली होती; आता दांड्यांवर तीन धारांची बोंडं आणि आत चपट्या काळ्या बिया. असते तिथे भरपूर असते. मालकांना ती तणच वाटली, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

सड्याच्या कडेला, जरा खोल मातीच्या गवतात, सेरोपेजिया ॲटेन्युएटा, म्हणजे कंदीलपुष्पाचा एक प्रकार. पानंही गवतासारखीच, त्यामुळे फूल नसेल तर पायाखाली आलं तरी कळत नाही. एक इथे, दुसरं पार तिकडे. सुकत आलेलं एक फूल मी नखाने उभं चिरून त्यांना दाखवलं. नळीत आतल्या बाजूला वळलेले केस, तळाशी एक चिलट. ते आत शिरतं, पण केस सुकेपर्यंत बाहेर पडता येत नाही. सुटताना तोंडाला परागपुंज चिकटवून घेऊन जातं. काका वाकून बघत राहिले. “म्हणजे हेच दुर्मिळ,” त्यांनी निकाल दिला.

तिथेच अडलं. कंदीलपुष्पं विरळ, म्हणून त्यांना गवत, चिलटं आणि शेजारी दुसरं फुललेलं झाड, सगळंच लागतं. दीपकाडी शेकड्याने दिसते, पण उघडा कातळ गेला की त्या सड्यावरून एकदम जाते. दीपकाडीचा कांदा उपटून कुंडीत लावता येईल हो, पण सडा कुंडीत कसा लावणार? आणि दोन्ही झाडं उन्हाळ्यात जमिनीखाली. मे महिन्यात पाहणी केली तर कागदावर ‘ओसाड कातळ’ एवढंच उरतं. हे माझं जुनं दुखणं आहे.

मी काकांना कुठलंच एक नाव दिलं नाही. खळग्यांचा पट्टा आणि कडेचं गवत, दोन्ही सोडा, म्हटलं. त्यांनी मनातल्या मनात चिऱ्यांचा हिशेब केला, तोंड वाकडं केलं. मशीन दिवाळीनंतर येणार होतं. “तोवर आखून तर द्या, मग बघू,” म्हणाले. पावसात चुना टिकत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत आम्ही दगड मांडत बसलो. शेवटचे काही त्यांनीच उचलून ठेवले, तेही आमच्या रेषेपेक्षा दोन हात आत.