शुक्रवारचा बर्फ-नकाशा घेऊन रविवारी हिनलोपेनमध्ये शिरू नका

नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहाला होडीने उत्तरेकडून वळसा घालायचा असेल तर लाँगयिअरब्येन ते नी-आलेसुंड हा टप्पा ऑगस्टमध्ये सोपा आहे. एवढंच पाळा: नी-आलेसुंडच्या २० किलोमीटर परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झवर प्रसारणाला बंदी आहे. तिथल्या रेडिओ दुर्बिणीसाठी वाय-फाय, ब्लूटूथ, इंटरनेटची डिश सगळं बंद ठेवावं लागतं. आपलं ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्रही याच गावात आहे. पुढच्या दोन दिवसांचा अंदाज त्या हद्दीत शिरण्याआधीच उतरवून घ्या.

फसगत होते ती पुढे, ईशान्येच्या दोन मोठ्या बेटांमधल्या हिनलोपेन सामुद्रधुनीत. नॉर्वेचा बर्फ-नकाशा सोमवार ते शुक्रवारच निघतो. शुक्रवारी सामुद्रधुनीचं उत्तरेचं तोंड निळं, म्हणजे मोकळं दिसलं. रविवारी तिथेच बर्फ दाटला होता. हे हिशेबानेच कळायला हवं होतं. तरंगता बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या साधारण २ टक्के वेगाने आणि वाऱ्याच्या दिशेपेक्षा थोडा उजवीकडे सरकतो. उत्तरेचा वारा २० नॉट, म्हणजे ताशी २० सागरी मैल धरा: बर्फ सरकतो ताशी ०.४ सागरी मैल. शुक्रवार दुपार ते सोमवार दुपार या ७२ तासांत झाले जवळपास २९ सागरी मैल, म्हणजे ५३ किलोमीटर. सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम १० किलोमीटर रुंद आहे आणि भरती-ओहोटीची ओढ वेगळीच. प्रत्येक नकाशावर त्याची वेळ लिहा, बर्फाची कड त्या हिशेबाने पुढे ओढा आणि मगच ठरवा. नकाशावर पिवळं, म्हणजे ४ दशांशाच्या वर बर्फ असेल, तर फायबरची होडी आत घालायचीच नाही.

वाऱ्यासाठी ‘जीएफएस’ या अमेरिकेच्या जागतिक हवामान-अंदाजावर विसंबू नका. त्याची पाव अंशाची जाळी, म्हणजे अंदाजाच्या दोन बिंदूंमधलं अंतर, उत्तर-दक्षिण २८ किलोमीटरची. फ्योर्डमधून, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यातून सुटणारा वारा तिला दिसतच नाही. नॉर्वेच्या ‘अरोम-आर्क्टिक’ अंदाजाची जाळी २.५ किलोमीटरची आहे, दर ६ तासांनी नवा अंदाज येतो, तोच घ्या. धुक्याच्या बाबतीत मात्र कुठल्याच अंदाजावर भरवसा नको.

इरिडियम हा उपग्रह फोन भाड्याने देणारे ‘नकाशे सहज उतरतात’ म्हणून सांगतात. सहज नाही उतरत. साध्या जोडणीचा वेग सेकंदाला २.४ किलोबिट, १ एमबीच्या नकाशाला ५५ मिनिटं, तीही कॉल न तुटता, आणि बिल मिनिटावर! किनाऱ्यावर एक जाणकार माणूस ठरवून ठेवा. त्याने शनिवार-रविवारी सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडार प्रतिमा पाहून आपल्यापुरता तुकडा कापून १०० केबीत पाठवायचा. साडेपाच-सहा मिनिटांत येतो. त्याला बजावून ठेवा की वाऱ्याने खवळलेलं पाणीही रडारवर बर्फासारखं उजळ दिसतं, एका प्रतिमेवर निर्णय नको.

समोर क्षितिजालगत ढगांच्या पोटाला पांढरट उजाळा दिसला आणि वारा तसाच असताना लाट एकदम बसली, की बर्फ जवळ आहे. तिथूनच फिरा. उत्तरेचा वारा असताना आसऱ्याला सोर्गफ्योर्डमध्ये जाऊ नका. त्याचं तोंड उत्तरेला आहे, बर्फ ते बंद करतो. त्यापेक्षा लोमफ्योर्ड बरा.

२०१७ ते २०१९च्या ‘ध्रुवीय अंदाज वर्ष’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेत हवामानाचे जादा बलून सोडून निरीक्षणं वाढवली, त्याचा अंदाजांना फायदाही झाला. आता शनिवार-रविवारचा नकाशा आणि त्याची ५० केबीची आवृत्ती मिळायलाच हवी. तोवर हिनलोपेनचा टप्पा मंगळवार ते शुक्रवार असाच आखा.