बारा पाऊणं नऊ: ठाणे खाडीवर रिंगिंगची एक पहाट

श्रावण वद्य द्वादशी. पहाटे साडेतीनला ऐरोलीहून निघालो तेव्हा पावसाची भुरभुर होती आणि कोर ढगाआड. रिंगिंग म्हणजे पक्षी जाळ्यात धरून, पायात कडी घालून सोडून देणं. रिंगिंगवाल्यांना असाच अंधार लागतो, चांदण्यात पक्ष्यांना जाळं दिसतं. जाळी लावली त्या बंधाऱ्याची नेमकी जागा मुद्दाम सांगत नाही. चिखल्या-तुतवार अशा चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांच्या विश्रांतीच्या जागी गर्दी नकोच.

मोबाइलवर भरतीची वेळ बघून मी टेचात सांगितली. सोबतचे कोळी काका हसले. "बारस ना? बारा पाऊणं नऊ. आन् ते बंदरावरचं. इथं वर पाणी यायला अजून एका चहाचा येळ." तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. शाळेतली पाऊणकी अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं! हे गणित महत्त्वाचं, कारण पाणी चढून चिखल बुडायला लागला की पक्षी उठून बंधाऱ्यांकडे येतात.

पाऊस वाढला तेव्हा जाळी गुंडाळावी लागली, भिजलेला पक्षी गारठतो. चार वाजता उघडलेली जाळी दोनदा बंद झाली. उजाडेपर्यंत हाती लागले नऊ पक्षी. त्यातला एक छोटा टिलवा रिंगिंग करणाऱ्या मॅडमनी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात मान ठेवून अलगद धरला. वजन २२ ग्रॅम. पंख उलगडला तर आतली पिसं नवी, काळसर, आणि बाहेरची झिजून तपकिरी. म्हणजे प्रौढ, पिसं बदलायच्या मध्यावर. उत्तरेतून प्रौढ आधी निघतात. पिल्लं मागाहून, वाट दाखवायला कुणी नसताना. मला तरी हे अजून पचत नाही.

पायात धातूची कडी, वर रंगीत फ्लॅग, म्हणजे अक्षरं असलेली छोटी पट्टी. कडीवर क्रमांक आणि मुंबईला कळवा अशी सूचना. मुंबईची बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, १८८३ची. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९५९मध्ये तिथे स्थलांतराचा मोठा प्रकल्प सुरू केला, तोही पक्ष्यांसोबत रोगाचे विषाणू येतात का, या शंकेपोटी.

तुम्हाला जायचं असेल तर आधी एक गोष्ट: परवान्याशिवाय पक्षी पकडणं बेकायदा आहे, त्यामुळे रिंगिंग बघायचं तर परवानाधारक चमूने बोलावलं तरच. पण फ्लॅग वाचायला परवाना लागत नाही, आणि मला विचाराल तर खरी मदत तीच. सीवूड्स-दारावे स्टेशनवरून रिक्षाने टीएस चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर जा. भरतीच्या तासभर आधी पोचा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडा. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढणारी भरती, चिखल पुरता बुडतच नाही. फ्लॅगचा रंग, अक्षरं, कुठला पाय, सांध्याच्या वर की खाली, तारीख, जागा हे सगळं फोटोसकट बीएनएचएसला कळवा. फोटो धूसर असला तरी पाठवा. दुर्बिणीने शेकाट्याचे पाय दिसतात, फ्लॅगवरची अक्षरं नाही. टेलिस्कोप किंवा लांब लेन्स हवीच.

खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०१५मध्ये दर्जा मिळाला, २०२२मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा. खाडी बोटीतून बघायची असेल तर ऐरोलीचं जैवविविधता केंद्र आहे, पण फ्लेमिंगोंसाठी थंडीत जा.

गमबूट घालू नका. माझा डावा चिखलात राहिला, काकांनी काठीने उपसून काढला. जुने नाडीचे बूट घट्ट बांधा, आणि परतीसाठी पिशवीत चपला ठेवा. तसल्या पायांनी रिक्षावाला बसू देत नाही.