‘सेटिंग’च्या रकान्यात न्यूरल नेटवर्क: माझा अनुभव

फॉर्मवर तीन रकाने: सेट व्होल्टेज, डेडबँड, टाइम डिले. साधा व्होल्टेज रेग्युलेटर बसवायचा असता तर चहा निवायच्या आत भरून झाले असते. आम्हाला बसवायचं होतं न्यूरल नेटवर्क, म्हणजे डेटावरून शिकणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच्याकडे यातला एकही आकडा नव्हता. वितरण कंपनीच्या प्रोटेक्शन विभागात हा अर्ज ज्या तऱ्हेने रखडला ते आठवलं की अजून डोकं तापतं. या वाटेने जाणाऱ्या पुढच्या माणसाचा तरी वेळ वाचावा म्हणून लिहितोय.

आधी काम काय होतं ते. फीडरच्या (सबस्टेशनमधून वस्तीकडे जाणाऱ्या वीजवाहिनीच्या) टोकाला छतांवरचं सोलर वाढलं की भर दुपारी वीज उलटी वाहते आणि तिथलं व्होल्टेज चढतं. सूर्य मावळून लोड आला की तेच व्होल्टेज घसरतं. सबस्टेशनमधला टॅप चेंजर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारा स्विच, यांत्रिक. ढगागणिक हलवला तर त्याचे कॉन्टॅक्ट झिजतात. सोलरचा इन्व्हर्टर मात्र रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वरखाली करणारी वीज) देऊन किंवा ओढून काही सेकंदांत व्होल्टेज सावरतो. कोणत्या इन्व्हर्टरने किती द्यायची, किती ओढायची, हे नेटवर्कने ठरवायचं.

सिम्युलेशनमध्ये काही अडलं नाही. वितरण जाळ्याचं सिम्युलेशन करणारं ओपनडीएसएस हे सॉफ्टवेअर 2008 पासून खुलं आहे, आयईईई या इंजिनियरांच्या संस्थेचा 123 बसचा (जोडबिंदूंचा) चाचणी फीडर त्यासोबत आयता मिळतो, आणि रिइन्फोर्समेंट लर्निंगने (करून बघत, चुकांतून शिकण्याच्या पद्धतीने) त्यावर निकाल झकास आले. बरेच जण इथेच पेपर लिहून मोकळे होतात.

आम्ही अर्जासोबत नेटवर्कची आकृती आणि ट्रेनिंगचे आलेख जोडले. अर्ज परत. लाल शाईत शेरा: ‘सेटिंग नमूद नाही.’ मग रकान्यात लिहिलं, ‘व्होल्टेज, लोड आणि सोलर पाहून नेटवर्क ठरवेल.’ पुन्हा परत: ‘किमान व कमाल सेटिंग लिहावे.’ फोन करावा तर साहेब साइटवर. साहेब भेटावेत तर फाइल दुसऱ्या टेबलावर. त्या दुसऱ्या टेबलाने वेगळंच खुसपट काढलं: अर्जात मेक आणि मॉडेल नंबर नाही! सॉफ्टवेअरचा मॉडेल नंबर काय देणार, कपाळ?

शेवटी एका वरिष्ठ इंजिनियरने समोर बसवून विचारलं, “रात्री दोनला फीडर ट्रिप झाला, तर ड्यूटीवरच्या माणसाने कागदावर काय बघायचं?” प्रश्न चोख होता. फक्त तो त्या फॉर्मवर कुठेच नव्हता, आणि पहिल्याच दिवशी कुणी विचारला असता तर आमचे इतके हेलपाटे वाचले असते.

उत्तर आमच्या हातात होतं. सगळ्या फीडरचा डेटा खाणारं एकच मोठं नेटवर्क सोडून आम्ही प्रत्येक इन्व्हर्टरला एक छोटं नेटवर्क दिलं. त्याला दिसतं फक्त स्वतःच्या जागेवरचं व्होल्टेज. त्यातली वजनं (ट्रेनिंगमध्ये ठरणारे आतले आकडे) धन ठेवली आणि आउटपुटचं चिन्ह उलटवलं, म्हणजे व्होल्टेज वाढलं की रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर कमीच होणार, मध्येच उलटी उडी नाही. उतारालाही मर्यादा घातली, कारण तो फार तीव्र झाला तर शेजारशेजारचे इन्व्हर्टर एकमेकांशी झुंजतात आणि व्होल्टेज हेलकावे खातं. असं नेटवर्क आलेखावर एका रेघेत मावतं. त्याच आलेखावर आम्ही आयईईई 1547-2018 या मानकातला बी श्रेणीचा ठरलेला व्होल्ट-व्हार वक्र (कोणत्या व्होल्टेजला किती रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर, ते सांगणारा) छापला: 0.98 ते 1.02 पर युनिटमध्ये (1 म्हणजे ठरलेलं व्होल्टेज) शून्य, 0.92 ला इन्व्हर्टरच्या क्षमतेच्या 44 टक्के देणं, 1.08 ला 44 टक्के ओढणं. इंजिनियरसाहेबांनी 1.03 वर पेन्सिल टेकवली. “इथे किती?” मी दोन्ही रेघांवरचे आकडे वाचून दाखवले. “मग हे आधी का नाही आणलंत?” यावर मी काही बोललो नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

परवानगी आधी फक्त शॅडो मोडची मिळाली: नेटवर्कने सुचवायचं, नोंद ठेवायची, हलवायचं काही नाही. हे आपणहून मागा. ‘लगेच चालू करतो’ म्हटलं की माणसं बिथरतात. संपर्क तुटला तर काय, हेही अर्जातच लिहा. आमचा वक्र इन्व्हर्टरमध्येच बसत असल्याने तो प्रश्न एका ओळीत निकालात निघाला.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचं चिन्ह तपासा. मीटर लोडच्या बाजूने मोजतो, इन्व्हर्टर जनरेटरच्या बाजूने. एकाचं अधिक ते दुसऱ्याचं उणे. तसंच मीटरच्या दर 15 मिनिटांच्या नोंदीवरची वेळ त्या 15 मिनिटांच्या सुरुवातीची आहे की शेवटची, हे लेखी विचारून घ्या.

लो-व्होल्टेज केबलवर फार मोठी वचनंही देऊ नका. तिथे रिअ‍ॅक्टन्सच्या मानाने रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरने व्होल्टेज जेमतेम हलतं आणि करंट वाढून लॉसेस मात्र वाढतात. अशा ठिकाणी कधीकधी सोलरचं उत्पादनच थोडं कापावं लागतं, आणि त्याचा फॉर्म वेगळा आहे.