रांगेतून उठवणे

प्रिंट निघाली नाही की माणूस काय करतो? पुन्हा प्रिंट देतो. मग प्रिंटरपर्यंत जाऊन त्याच्याकडे रोखून बघतो, जागेवर येतो आणि आणखी एकदा देतो. ट्रेमधला कागद संपलाय, एवढीच भानगड असते. कोणीतरी कागद भरला की एकाच पत्राच्या चार-चार प्रती भराभर बाहेर पडायला लागतात.

अशा वेळी मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडते आणि 'एलपीक्यू' टाइप करते. रांग समोर येते: कोण आधी, कोण नंतर, मालक कोण, जॉबचा (म्हणजे छपाईला दिलेल्या कामाचा) नंबर, फाइलचं नाव, किती बाइट. प्रिंटरची व्यवस्था माझ्याकडे असल्याने नावंही दिसतात. मार्चअखेरीच्या ताळेबंदामागे कोणाचा तरी 'रेझ्युमे फायनल २' मुकाट उभा असतो. मी आपली न पाहिल्यासारखं करते.

'एलपीआरएम' आणि पुढे जॉबचा नंबर, की तो जॉब रांगेतून गेला. नंबरऐवजी नुसतं वजा चिन्ह दिलं तर सगळी रांगच साफ. 'कॅन्सल'पुढे वजा ए लिहूनही तेच होतं. एकाच कामाला दोन आज्ञा, कारण युनिक्स या संगणकप्रणालीची दोन घराणी होती, बर्कली विद्यापीठाचं आणि एटी अँड टी कंपनीच्या सिस्टीम फाइव्हचं. १९९९ साली आलेल्या कप्स या छपाईप्रणालीने दोघांच्याही सवयी सांभाळल्या. शहाणपणाचं काम केलं.

काम फत्ते झालं तरी या आज्ञा चकार शब्द काढत नाहीत. नव्या माणसाला ते खटकतं, मला आवडतं. विंडोजवर उलट प्रकार. तिथे जॉबसमोर 'डिलीटिंग' असं झळकतं आणि जेवून आलो तरी तो तिथेच, लग्नघरातून निरोप घेऊन दारात तासभर बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. मग काळ्या खिडकीत 'नेट स्टॉप स्पूलर' देऊन छपाईची रांग सांभाळणारी सेवा बंद करायची, स्पूलच्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फायली उडवायच्या आणि 'नेट स्टार्ट स्पूलर' म्हणायचं.

एवढं करूनही एखादं पान बाहेर येतंच, कारण ते आधीच प्रिंटरच्या स्वतःच्या मेमरीत पोचलेलं असतं. तिथे आपली आज्ञा चालेलच असं नाही. सरळ बटण बंद करावं. आत अडकलेला कागद मात्र हातानेच काढायचा, दोन्ही हातांनी, सावकाश, आणि शक्यतो तो ज्या दिशेने निघाला होता त्याच दिशेने.