आढं नसलेलं घर: ससेक्समधलं 'बेलीफ'

इंग्लंडमधल्या वेस्ट ससेक्समध्ये चिचेस्टरच्या उत्तरेला सिंगलटन गावी वील्ड अँड डाउनलँड संग्रहालय आहे. तिथलं 'बेलीफ' नावाचं शेतकऱ्याचं घर बघाच. (इंग्रजीत Bayleaf, शब्दशः तमालपत्र.) घर मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. बाऊ बीच धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून १९६८-६९ मध्ये ते उतरवलं आणि १९७२ मध्ये इथे उभं केलं. पूर्ण घर सुटं करून पुन्हा जोडता आलं, कारण सांगाड्यात लोखंडी खिळ्यांवर काहीच अवलंबून नाही. मधला दिवाणखाना पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, मालकाच्या खोल्यांची बाजू साधारण शंभर वर्षांनी जोडलेली.

आत गेल्यावर वर बघा. दिवाणखाना थेट छपरापर्यंत मोकळा, जमिनीवर मधोमध चूल, धुराडं नाही. धूर छपराच्या टोकांशी ठेवलेल्या फटींतून जायचा. मराठी डोळे आढं शोधतात, ते इथे नाहीच. वाशांच्या जोड्या शेंड्याला एकमेकांत अडकवलेल्या असतात. प्रत्येक जोडीला मध्यावर एक आडवा दांडा, त्या दांड्यांखालून घराच्या लांबीभर एक तुळई, आणि तिला तोलणारा बुटका खांब खालच्या मोठ्या तुळईवर उभा. हे वासे धुराने काळे पडलेले असले, तर खाली एके काळी उघडी चूल होती हे नक्की. अशा बहुतेक घरांत सोळाव्या शतकापासून धुराडं आणि मधला मजला घातला गेला, म्हणून हा पुरावा आता माळ्यावर चढूनच सापडतो.

खरी गंमत सांध्यात. ओक ओला असतानाच वापरायचे, कारण वाळल्यावर तो तासता तासत नाही. कुसू म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी टोकाची जीभ. कुसवातलं खुंटीचं भोक बाहेरच्या भोकाच्या रेषेत न पाडता दोन-तीन मिलिमीटर आत, कुसवाच्या मुळाकडे पाडायचं. वाळलेल्या ओकची निमुळती खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत सांधा ओढून घेते. मुख्य खांब उलटा उभा करतात: बुंध्याकडची जाड बाजू वर. तिथे दोन कुसवं काढायला लाकूड लागतं, एक भिंतीवरच्या तुळईसाठी, दुसरं घर आडवं बांधणाऱ्या तुळईसाठी. सांध्यांजवळ कोरलेले रोमन आकडेही दिसतील. जमिनीवर जुळवलेला सांगाडा उभा करताना चूक होऊ नये म्हणून सुतारांनी केलेल्या त्या खुणा. चारसाठी सरळ चार रेघा. रिकामी भोकं दिसली की "जहाजाचं लाकूड" असं हमखास सांगितलं जातं. बहुतेक वेळा ती काढून टाकलेल्या पडदीची नाहीतर दुसऱ्या घरातून आणलेल्या लाकडाची असतात.

भिंत म्हणजे आपला कूडच, कारवीऐवजी हेझलचा. वरच्या लाकडात भोकं, खालच्यात खोबण. ओकच्या काठीचं टोक वर घालून तळ खोबणीतून सरकवत जागी आणायचा. त्यात हेझलच्या काठ्या विणायच्या. चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि शेण तुडवून दोघांनी दोन्ही बाजूंनी एकदमच थापायचं, म्हणजे दोन्हीकडचा गारा विणीतून एकमेकांत घुसतो. माती जास्त झाली की भेगा, पेंढा कमी पडला तरी तेच. वाळताना चौकटीशी फट पडतेच; ती पुन्हा भरून वर चुन्याचे पातळ हात द्यायचे.

अशी घरं बिघडतात ती बहुधा दुरुस्तीने. माती काढून सिमेंट भरलं की सिमेंट आणि ओक यांच्यात बारीक फट राहते. पाऊस आत शिरतो, पण सिमेंटमधून तो सुकत नाही. सर्वांत खालची तुळई आधी कुजते, मग खांबांचे पाय. बुरशीने मऊ झालेल्या ओकमध्ये डेथ-वॉच भुंगेऱ्याच्या अळ्या वर्षानुवर्षं पोखरत राहतात. फटीत सिलिकॉन भरणं म्हणजे ओल कोंडून ठेवणं. पाय कुजला असेल तर तेवढाच कापून नवा ओक सांध्याने जोडतात, अख्खा खांब बदलत नाहीत. आणि घर 'लिस्टेड', म्हणजे वारसा वास्तूंच्या सरकारी यादीतलं, असेल तर त्याच्या रूपात फरक पडेल असं काहीही परवानगीशिवाय करणं इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे.

पांढऱ्यावर काळ्या पट्ट्यांचा तो प्रसिद्ध थाट बराचसा एकोणिसाव्या शतकातला. इकडे इंग्लंडच्या दक्षिणेत ओक उघडाच ठेवला की ऊन-पावसाने रुपेरी करडा होतो.