कपाळाला आठी पडेना

जानेवारीतली सोमवारची सकाळ. शाळा सातची, म्हणून साडेपाचलाच बेसिनपाशी उभी होते. चूळ भरली तर पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळून गाऊनवर आलं. झोपेत असेन म्हणून परत भरली. परत तेच. मग दिवा लावून आरशात पाहिलं. डावी बाजू माझीच होती. उजवीवरून मात्र कुणीतरी इस्त्री फिरवली होती. ओठाचा कोपरा खाली, नाकापासून ओठापर्यंतची घडी नाहीशी, डोळा टक्क उघडा.

आदल्या दिवशीच्या खुणा मग आठवायला लागल्या. उजव्या कानामागे ठणकत होतं. कुकरची शिट्टी त्या कानात टाचणीसारखी घुसत होती. आमटी अळणी लागली म्हणून मी वरून मीठ घातलं आणि घरातल्या सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. त्यांची पाणी पिऊन सरळ झाली, माझं राहिलं.

सासूबाई म्हणाल्या, "गार वारं लागलंय गं, तिळाचं तेल गरम करून चोळ." हे मात्र काही न बोलता गाडीची किल्ली घेऊन उभे. त्यांच्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा दुपारपर्यंत वाट बघण्यात वेळ गेला होता, ते घरात कुणी विसरलेलं नाही. तोंड वाकडं झालं की आधी पक्षाघात समजूनच दवाखाना गाठायचा, आजार कोणता ते डॉक्टरांनी ठरवायचं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांचीच मुभा असते. त्यातला तास तेल तापवण्यात घालवायचा नाही.

कॅज्युअल्टीतली डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची होती. दोन्ही हात समोर धरायला लावले, चालायला लावलं, गालांवर कापूस फिरवून "सारखं लागतंय का" विचारलं. हातपाय ठणठणीत होते. मग म्हणाली, "ताई, कपाळाला आठ्या पाडा." तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला हे काय सांगायचं! पाडल्या. डावीकडे तीन रेघा उमटल्या, उजवीकडे कपाळ कोरं.

"हे चांगलं आहे," ती म्हणाली.

माझा विश्वास बसेना. तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम जातात. म्हणून मेंदूच्या एका बाजूला झटका आला तर खालचा चेहरा लुळा पडतो, पण आठ्या बहुधा पडतात. इथे कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू गेली होती, म्हणजे बिघाड मेंदूबाहेर, चेहऱ्याच्या नसेत. ही सातवी नस कानाच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. ती सुजली की तिथेच आवळली जाते. कुकरची शिट्टी आणि अळणी आमटी यांचं कोडंही तिथेच सुटलं, कारण कानातला आवाज दाबणारा बारका स्नायू आणि जिभेच्या पुढच्या भागाची चव, दोन्हीची वाट त्याच नसेतून जाते. अर्थात हे कपाळाचं तंत्र आरशासमोर घरी वापरायचं नाही, असंही तिने बजावलं.

आजाराचं नाव बेल्स पाल्सी. मला आधी घंटा आठवली. नंतर कळलं, बेल हे एका स्कॉटिश सर्जनचं आडनाव. पण हे नाव देण्याआधी तिने बाकीचं बरंच तपासलं. कानात पुरळ आहे का (नागिणीचा विषाणू तिथे बसला तर प्रकरण वेगळं), कान वाहतोय का, कानाखाली गाठ लागते का, शुगर किती, बीपी किती. आमच्या एका नातेवाइकांनी फोनवर "एमआरआय केलाच नाही? मग कसले डॉक्टर!" म्हणून घेतलं. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, सगळी लक्षणं जुळत असताना लगेच गरज नाही. तीन महिन्यांत काहीच हललं नाही किंवा काही विचित्र दिसलं, तर करू.

औषधाचं गणित मात्र तासांचं होतं. स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू झालं पाहिजे. मला प्रेडनिसोलोन पाच दिवस ६० मिलिग्रॅम आणि मग रोज दहाने कमी करत दिलं. माझा लकवा जास्त होता, सहापैकी ग्रेड पाच, म्हणून विषाणूविरोधी गोळीही जोडली. ती एकटी घेऊन उपयोग नाही, स्टेरॉइडसोबत थोडी मदत होऊ शकते, एवढंच ते म्हणाले. नंतर मी २००७ सालच्या स्कॉटलंडमधल्या चाचणीबद्दल वाचलं. नऊ महिन्यांनी स्टेरॉइड घेतलेल्यांतले ९४ टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांतले ८२. म्हणजे न घेताही बरेच जण सुधारतात, आणि म्हणूनच तेलाला आणि कबुतराच्या रक्ताला श्रेय मिळत असावं. (हो, कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला मला याच शहरात, शिकलेल्या माणसाने दिला.) काठावरची शुगर स्टेरॉइडने जेवणानंतर २४० पर्यंत गेली. रोज बोट टोचायचं आणि रात्री दोनला टक्क जागं राहून छत बघायचं.

खरा छळ डोळ्याचा. पापणी मिटत नाही, बुबुळ वाळतं, आणि वाळलेल्या बुबुळाला जखम झाली तर चेहरा सुधारूनही नजर जाऊ शकते. दिवसा तासातासाला थेंब, रात्री मलम आणि वर मायक्रोपोरची चिकटपट्टी. पहिल्या रात्री मी पट्टी पापणीवर उभी लावली. ती सुटली आणि सकाळी डोळ्यात खडे टोचत होते. आधी बोटाने पापणी अलगद खाली ओढायची आणि मग पट्टी आडवी लावायची, हे नर्सने हातात हात घेऊन शिकवलं.

स्कूटर बंद झाली, पण स्कार्फ आणि गॉगल चालू राहिले. पुण्यात बायकांच्या या अवताराची इतकी थट्टा होते, पण त्या सहा आठवड्यांत बसमध्ये मला कुणी वळून पाहिलं नाही. अडचण वेगळीच झाली. वारज्याहून बसले आणि कंडक्टरला म्हटलं, "एक मनपा." निघालं "मनफा." ओठ एका बाजूने मिटेना, हवा निसटायची. प चा फ, ब चा व. कंडक्टर म्हणाला, "मावशी, स्कार्फ काढून बोला." मी बोटाने उजवा गाल वर धरला आणि परत म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि निमूटपणे तिकीट दिलं.

व्यायाम आरशासमोर, हळू, दिवसातून तीनदा. एका ठिकाणी करंटच्या वीस बैठकांचं पॅकेज गळ्यात मारत होते. आमच्या डॉक्टरांनी नको म्हटलं. त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि जोर लावून चेहरा वेडावाकडा केला तर नसेचे धागे भलत्या स्नायूंना जुळण्याची भीती असते.

एकोणिसाव्या दिवशी चहा पिताना ओठाचा कोपरा किंचित थरथरला. मी कप तसाच ठेवून आरशाकडे धावले. आधी ओठ आले, मग पापणी. भुवई सगळ्यांत शेवटी, एप्रिलमध्ये. अजूनही खळखळून हसले की उजवा डोळा थोडा मिटतो. काही धागे भलतीकडे जुळलेच.

शाळेत रुजू झाले तेव्हा ओठ पुरते आले नव्हते. फळ्यावर प काढला आणि वर्गाला म्हणायला लावला. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उभी राहिली. "बाई, फळ्यावर प आहे, तुम्ही फ म्हणालात." मी गालाला बोट लावलं आणि परत म्हटलं. पुढच्या ओळीला चाळीसच्या चाळीस पोरांनी गालाला बोट लावलं.