तुम्ही विचारलंत म्हणून: कॅश काउंटरवरचा जप

"तुम्ही तर दाभोलकरांच्या चळवळीतले ना? मग काउंटरवर ओठ कसले हलवता?" पोवई नाक्यावर चहा पिताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एका खातेदारानं तर स्लिप सरकवता सरकवता विचारलं. दुसऱ्या गोटातल्यांचा प्रश्न वेगळा: "कुठला मंत्र? टेन्शन लगेच जातं का हो?" आजवर दोघांनाही हसून टोलवलं. आता एकदाच काय ते सांगतो.

कॉलेजात असताना मी गावोगावच्या चावडीवर जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवायचो. त्याचा आजही अभिमान आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाधर्माला नव्हता, त्याच्या नावानं चालणाऱ्या लुबाडणुकीला होता, हे साताऱ्यात तरी कुणाला समजावून सांगायला नको. अडचणीत आलो की मी हेच पुढे करतो. पण खरं सांगू? त्या वयात मला देव मानणारी सगळीच माणसं जरा कच्ची वाटायची. आईसुद्धा. ती माण तालुक्यातली. गोंदवलेकर महाराजांनी दिलेलं रामनाम भाकरी थापतानाही तिच्या तोंडात असायचं, आणि मी तिची नक्कल करायचो.

मग नोव्हेंबर २०१६ आला. नोटाबंदीत बँकेतल्या माणसांचे काय हाल झाले ते तुम्हाला ठाऊक आहे, ते उगाळत नाही. १४ तारखेला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली आणि खेड्यापाड्यातली सगळी गर्दी आमच्यासारख्यांच्या दारात आली, एवढं फक्त लक्षात घ्या. त्यानंतरच्याच एका रात्री माझी कॅश २४,००० नं शॉर्ट आली.

आठवड्याला एका खात्यातून तेवढेच काढता येत होते. म्हणजे कुणाला तरी डबल गेले असणार. किंवा बारा गुलाबी नोटा कोऱ्या बंडलांना चिकटून थोड्या थोड्या गेल्या असणार. व्हाउचरं पुन्हा लावली. बंडलं सोडून मशीनवर घातली. कचऱ्याची बादली फरशीवर पालथी करून चुरगळलेली एकेक स्लिप उलगडली. शाईनं माखलेल्या कापसाच्या बोळ्यांखेरीज काही निघालं नाही. साहेब म्हणाले, "आता भरून टाका, उद्या बघू." उद्या कुणी काही बघत नसतं, हे काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. माझ्याच खात्याला डेबिट टाकायचं होतं. व्हाउचर समोर, पेन हातात, आणि सही येईना. दिवसभर शंभर कागदांवर ठोकलेली सही, पण हात असा कापत होता की पहिलं अक्षरच उमटेना. अकाउंटंट तिजोरीची दुसरी किल्ली घेऊन दारात उभा. त्यालाही घर होतं. तो काही बोलत नव्हता, ते जास्त लागत होतं.

तेवढ्यात तोंडात आलं, श्रीराम जय राम जय जय राम. आईच्याच चालीत, भाकरी थापल्यासारखं. किती वेळ म्हटलं कुणास ठाऊक. हात थांबला. सही केली, कॅश आत ठेवली, दोघांनी कुलपं लावली, घरी गेलो.

"मग पैसे मिळाले का?" नाही मिळाले. हे ऐकून भाविक मंडळींची तोंडं उतरतात. त्याला मी काय करू?

माझ्यातला तो कापूरवाला पोरगा अजून गप्प बसत नाही. म्हणतो, तेरा अक्षरं एका लयीत म्हटली की श्वास संथ होतो, हात थांबतो, राम कशाला हवा त्यात? पाढे म्हण की! म्हणून बघितले. पण जो माणूस दिवसभर आकडेच मोजतो, त्याला पाढ्यांनी काय विसावा मिळणार? सतराचा पाढा म्हणताना मला बंडलंच दिसायची. रामात मोजायला काही नाही, टॅली करायला काही नाही, एवढं तरी खरं. पण हे उत्तर त्याला पटत नाही, आणि मलाही रोज पटतंच असं नाही.

त्याचा खरा वार दुसरा आहे. तो म्हणतो, तीन काउंटरांचं काम एकट्यावर टाकणाऱ्यांना तुझा जप फार सोयीचा आहे. यावर मात्र मला बोलता येत नाही. मध्यंतरी वरून आदेश निघाला: कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्ती शिबिर, ध्यान आणि प्रार्थनेसह. कधी, तर दुसऱ्या शनिवारी! २०१५ मध्ये झगडून पदरात पडलेली सुट्टी, ती डोळे मिटून ओंकार म्हणण्यात घालवायची. रिकाम्या जागा भरण्याबद्दल चकार शब्द नाही. मी गेलो नाही. "तुम्ही तर जप करता, मग का नाही आलात?" असंही विचारून झालं. अहो, माझ्या आईचं नाम तुमच्या परिपत्रकातून घेऊ का?

युनियनमधला मित्र म्हणतो, तू हल्ली बैठकीत बोलत नाहीस, मवाळ झालास. मी म्हणतो, वय झालं. तो म्हणतो, राम झाला. असेलही.

शेजारच्या काउंटरवर नवी मुलगी आलीये. परवा डबा तसाच परत नेताना तिनं हळूच विचारलं, "काका, मलाही सांगा ना तो मंत्र." म्हटलं, आधी जेवणाची सुट्टी मिळत नाही असा साहेबांना लेखी अर्ज दे, एक प्रत युनियनला दे, मग सांगतो. अर्ज अजून दिलेला नाही तिनं. मंत्राचं मात्र रोज विचारते.